फेफरेकरी आणि देवाची कारागिरी

मूळवचन : मत्तय ४:२४. (ह्याबरोबर मार्क ९:१४-२९ व योहान ९:१-३ हे भाग घरीं वाचावे.)



प्रभूच्या गालीलांतील सेवेचा आरंभ सांगतांना मत्तयानें एक लहानशी यादी दिली आहे. प्रभूची कीर्ति सुरिया देशभर पसरली, तेव्हां लोकांनीं आपआपले दुखणेकरी त्याच्याकडे आणिले. त्यांत भूतग्रस्त होते, फेफरेकरी होते, पक्षघाती होते. आणि त्यानें त्या सर्वांस बरें केलें. हें वचन आपण पुष्कळ वेळां वाचितों आणि पुढें जातों, कारण त्यापुढेंच डोंगरावरील प्रवचन आहे व मन तिकडे ओढ घेतें. परंतु आज ह्या यादीपाशींच थोडें थांबावें, अशी माझी विनंति आहे. भूतग्रस्त एक, फेफरेकरी दुसरा, पक्षघाती तिसरा, असें पवित्र शास्त्र वेगवेगळें मोजतें. आपण मात्र खेड्यापाड्यांत पहिला व दुसरा एकच समजतों. "बाहेरचें आहे" म्हणतों आणि मोकळे होतों. ह्या चुकीची किंमत कोण भरतें, तें मीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे.

सेमिनरीचें शिक्षण पुरें करून मी पहिल्या मंडळींत गेलों, त्यास आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्या मंडळींत एक तरुण बहीण होती. लहानपणापासून तिला फेफरें येत असे. जिल्ह्याच्या इस्पितळांतून तिला गोळ्या मिळाल्या होत्या, आणि त्या घेऊं लागल्यापासून आठ महिने तिला एकहि झटका आला नव्हता. त्याच सुमारास आम्हीं उपासप्रार्थनेचा सप्ताह ठेविला. तिसऱ्या रात्रीं एका वडिलांनीं उभें राहून म्हटलें, "जिनें प्रभूचा हात धरिला, तिनें गोळीचा आधार कां धरावा?" लोकांनीं "आमेन" म्हटलें. त्या बहिणीनें गोळ्यांची पुडी आणून मेजावर ठेविली. मी पाळक होतों. मला बोलतां आलें असतें. मीं डोळे मिटून उपकारस्तुति केली. एकोणिसाव्या दिवशीं पहांटे ती भाकरी थापीत असतां तिला फेफरें आलें व ती चुलीवर पडली. जवळ कोणी नव्हतें. जीव वांचला, परंतु उजव्या हाताचीं तीन बोटें तळव्यास चिकटून राहिलीं. बऱ्याच वर्षांनीं त्या मंडळींत प्रभुभोजन देण्यास मी गेलों, तेव्हां प्याला घेण्यासाठीं तिनें डावा हात पुढें केला. तिनें मला शब्दानेंहि दोष दिला नाहीं.

मार्काच्या शुभवर्तमानांत त्या मुलाचा बाप प्रभूला सांगतो कीं हें दुखणें माझ्या पोराला कधीं विस्तवांत लोटतें, कधीं पाण्यांत. तें वचन सेमिनरींत मी टीकाग्रंथ घेऊन शिकलों होतों. त्याचा अर्थ मला त्या डाव्या हातानें शिकविला. म्हणून हा उपदेश प्रथम मला स्वतःला आहे आणि मग तुम्हांस.

१. देहांत काय घडतें?

एकशें एकोणचाळिसाव्या स्तोत्रांत आपल्या देहाची घडण पाहून कवि थक्क होतो व देवाचे उपकार मानितो. त्या कवीला मेंदूची रचना ठाऊक नव्हती. आपणांस ती आज थोडीशी ठाऊक आहे, म्हणून आपला विस्मय त्याच्यापेक्षां कमी नव्हे तर अधिक असावा.

मनुष्याच्या कवटींत सुमारें १ किलो ३०० ते ४०० ग्रॅम वजनाचा मऊ मेंदू असतो. देहाच्या वजनाचा हा जवळजवळ पन्नासावा भाग. परंतु आपण स्वस्थ बसलों असतां देह जितकी शक्ति खर्च करितो, तिच्यांतला पांचवा हिस्सा हा एकटा घेतो. २००९ सालीं ब्राझील देशांतील शास्त्रज्ञांनीं मेंदूंतील मज्जापेशींची गणती प्रसिद्ध केली. ती सुमारें ८,६०० कोटी भरली. ह्या पेशी सुतासारख्या बारीक तंतूंनीं एकमेकींशीं जोडलेल्या आहेत. पेशीच्या आंत व बाहेर मिठासारख्या क्षारांचे कण असतात. ते पेशीच्या पडद्यांतून आंतबाहेर होतात तेव्हां अतिसूक्ष्म वीज उत्पन्न होते व ती तंतूवरून धांवते. तंतूच्या टोंकाशीं एक रस पाझरतो आणि निरोप पुढच्या पेशीला पोंचतो. कांहीं पेशींचा निरोप "चल" असा असतो, कांहींचा "थांब" असा. दोन्ही निरोप योग्य प्रमाणांत असले म्हणजे हात उठतो, जीभ बोलते, पाय चालतो.

ही वीज कल्पनेची नव्हे. इटलींतील बोलोन्या शहरचा गॅल्व्हानी ह्यानें मेलेल्या बेडकाचे पाय विजेनें कसे उडतात ह्याविषयींचे आपले प्रयोग १७९१ सालीं छापिले. १८७० सालीं बर्लिन येथें फ्रिट्श व हिट्झिग ह्या दोघां वैद्यांनीं कुत्र्याच्या मेंदूवर एका जागीं मंद वीज लाविली, तेव्हां विरुद्ध बाजूचा पुढचा पाय हालला. दुसऱ्या जागीं लाविली, तेव्हां मागचा हालला. जर्मनींतील बर्गर ह्यानें १९२४ सालीं माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लाटा कागदावर उतरविल्या व १९२९ सालीं तें जगापुढें मांडिलें. आज मोठ्या इस्पितळांत डोक्यास तारा लावून जी परीक्षा करितात, ती ह्याच शोधाची लेंक होय.

आतां फेफरें म्हणजे काय तें पाहा. रविवारीं आपल्या मंदिरांत गायन चालतें तेव्हां कोणी उंच सुरांत गातो, कोणी खालच्या सुरांत, ढोलकीवाला आपल्या ठेक्यावर असतो, आणि मधेंच सर्वजण मिळून थांबतात. म्हणून तें गीत होतें. समजा, एका कोंपऱ्यांत चारदोन जणांनीं एकाएकीं ओरडण्यास आरंभ केला, त्यांचें ऐकून शेजारचे ओरडूं लागले आणि थांबविणाऱ्यांचें कोणी ऐकेना, तर क्षणांत सारी मंडळी ओरडूं लागेल. गळे तेच, माणसें तींच. बाहेरून कोणी शिरलेला नाहीं. फक्त क्रम मोडला. फेफऱ्यांत मज्जापेशींचें असेंच होतें. लंडन येथील डॉक्टर जॅक्सन ह्यांनीं १८७३ सालींच सांगितलें कीं फेफरें म्हणजे मेंदूच्या करड्या भागांत अकस्मात् होणारा शक्तीचा अतिरेकी स्फोट.

हें वादळ मेंदूच्या ज्या जागीं उठतें, त्या जागेचें काम बिघडतें. हाताच्या जागीं उठलें तर हात झटके देतो. वासाच्या जागीं उठलें तर नसलेला वास येतो. सगळ्या मेंदूभर पसरलें म्हणजे मनुष्य ओरडून पडतो, अंग ताठ होतें, हातपाय आपटतात, तोंडास फेंस येतो, जीभ चावली जाते, कधीं लघवी होते. कित्येक मुलांस पडणें नाहीं कीं झटके नाहींत; तीं दहावीस क्षण नुसतीं शून्यांत पाहतात आणि मग जणूं कांहींच झालें नाहीं अशा रीतीनें पुढें वाचूं लागतात. अशा किती मुलांनीं "लक्ष नाहीं" म्हणून शाळेंत छडी खाल्ली असेल, तें देव जाणे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत धरा. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. मेंदूंतील "थांब" म्हणणाऱ्या पेशी पुन्हां जोर धरितात व वादळ शमतें. ही देवानें देहांतच केलेली सोय आहे. पण तेवढ्या वेळांत कोणी कांदा हुंगवितो, कोणी जोडा नाकाशीं धरितो, कोणी हातांत लोखंड देतो, कोणी अंगारा लावितो. झटका थांबतो आणि कीर्ति कांद्याची, जोड्याची व भगताची होते. देवाच्या कारागिरीचा मान आपण जोड्याला देतों!

२. पशूंची साक्ष

उपदेशकाच्या ग्रंथांत तिसऱ्या अध्यायांत म्हटलें आहे कीं मनुष्य व पशु ह्यांचा प्राण एकाच तऱ्हेचा आहे. त्या ज्ञान्यानें तें मनुष्याचा गर्व उतरविण्यासाठीं लिहिलें. आपण तें आज मनुष्याच्या सांत्वनासाठीं वाचूं. कुत्र्याच्या मेंदूंत व आपल्या मेंदूंत एकाच जातीच्या पेशी आहेत, एकाच जातीची वीज आहे. म्हणून कुत्र्यालाहि फेफरें येतें. तेंहि पडतें, पाय झाडतें, तोंडास फेंस आणितें, आणि उठल्यावर गोंधळून मालकाला ओळखीत नाहीं. गुरांच्या डॉक्टरांना हें चांगलें ठाऊक आहे, आणि कुत्र्यांस ते जीं औषधें देतात त्यांतलीं कांहीं तींच आहेत जीं माणसांस देतात. आतां मी विचारतों, त्या कुत्र्यानें कोणतें पाप केलें? त्याच्या आईबापांनीं कोणता नवस चुकविला? अमावास्येच्या रात्रीं तें कोणत्या पिंपळाखालून गेलें म्हणून त्यास झाडानें धरिलें?

आपल्यांतले जे मेंढरें राखतात, त्यांनीं एखादें मेंढरूं मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरतांना पाहिलें असेल. तें कळपांतून मागें पडतें, ठेंचाळतें, कधीं झटके येऊन मरतें. कोणी म्हणतात, नजर लागली. मेंढराचें डोकें फोडून पाहिलें तर मेंदूंत पाण्यानें भरलेला फोड सांपडतो. तो एका जंताचा आहे. मोठा जंत कुत्र्याच्या आंतड्यांत राहतो; त्याचीं अंडीं कुत्र्याच्या विष्ठेवाटे गवतावर पडतात; मेंढरूं तें गवत खातें; अंड्यांतून निघालेली अळी रक्तावाटे मेंदूंत जाऊन फोड करिते. पुढें त्या मेंढराचें डोकें कुत्र्यापुढें टाकिलें म्हणजे चक्र पुन्हां सुरू होतें. डोकें कुत्र्यास न देतां खोल पुरलें किंवा जाळलें, तर चक्र तुटतें. सुमारें २,४०० वर्षांपूर्वीं ग्रीक देशांत हिप्पोक्रातेस ह्या वैद्याच्या नांवें फेफऱ्यावर एक पुस्तक लिहिलें गेलें. लोक ह्या रोगास देवाचा पवित्र रोग म्हणत. त्या ग्रंथकारानें म्हटलें कीं हा इतर रोगांपेक्षां पवित्र नाहीं, ह्याचें मूळ मेंदूंत आहे. आणि खात्री पाहिजे असेल त्यानें ह्या रोगाच्या शेळीचें डोकें उघडून पाहावें, मेंदू पाण्यानें भरलेला व दुर्गंधियुक्त सांपडेल. आपल्या देशांतहि चरकाच्या वैद्यकग्रंथांत अपस्मार हा रोग म्हणून वर्णिला आहे व त्यावर औषधोपचार सांगितले आहेत. मग पाण्याचा बाप्तिस्मा घेतलेल्या आपण त्यांच्याहि मागें कां राहावें?

मेंढराचा हा जंत मीं उगीच सांगितला नाहीं. त्याचाच एक भाऊ माणसाच्या मागें लागलेला आहे. अर्धेंकच्चें डुकराचें मांस खाल्लें म्हणजे माणसाच्या आंतड्यांत चपटा लांब जंत वाढतो. ह्या जंताचीं अंडीं त्या माणसाच्या विष्ठेंत असतात. तो उघड्यावर शौचास बसला व हात न धुतां त्यानें भाकरी वाढली, किंवा ती घाण मळ्यांतील कोथिंबिरीवर व मुळ्यांवर गेली, तर अंडीं दुसऱ्याच्या पोटांत जातात, आणि अळी रक्तावाटे मेंदूंत जाऊन बसते. म्हणून ज्यानें जन्मांत मांस शिवलें नाहीं, त्याच्याहि मेंदूंत हा फोड होऊं शकतो. आपल्या देशांत फेफऱ्याचें हें एक मोठें कारण आहे. इतर कारणेंहि पुष्कळ आहेत : बाळंतपणांत मुलाला प्राणवायु कमी पडणें, डोक्यास मार, मेंदूचा ताप, मेंदूंतील रक्तस्राव, दारू. कित्येकांचें कारण तपासूनहि सांपडत नाहीं. कांहीं घराण्यांत तें रक्तानें उतरतें. परंतु रोग्याच्या फेंसानें, शिवण्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें फेफरें कोणासहि होत नाहीं.

३. मग मार्कांतील त्या मुलाचें काय?

कोणी प्रामाणिकपणें विचारील, "पाळकसाहेब, मार्कांत त्या मुलाला आत्मा लागला होता असें लिहिलें आहे, तें आपण खोटें म्हणतां काय?" मी शास्त्राचें एक अक्षरहि खोटें म्हणत नाहीं. प्रभूनें त्या मुलाच्या ठायीं जें पाहिलें, तें त्याच्या दृष्टीनें पाहिलें. ती दृष्टि त्याची आहे, माझी व तुमची नव्हे. प्रभूला जें दिसलें तें मलाहि दिसतें असें म्हणून शेजाऱ्याच्या लेंकरावर बोट ठेवणें हा विश्वास नव्हे, हा गर्व आहे. आणि ज्या मत्तयानें ह्याच मुलाची गोष्ट सांगितली, त्यानेंच चौथ्या अध्यायांत फेफरेकरी व भूतग्रस्त हे निरनिराळे सांगितले. तेव्हां प्रत्येक फेफरेकऱ्यास भूत आहे असें म्हणण्याचा अधिकार शास्त्रानें कोणासहि दिलेला नाहीं.

त्याहून महत्त्वाचें हें कीं प्रभु त्या वेळीं कसा वागला तें पाहा. मूल जमिनीवर लोळत होतें, फेंस येत होता, गर्दी जमत होती. प्रभूनें त्यास बांधविलें नाहीं, मारविलें नाहीं, धुरी दिली नाहीं, उपाशी ठेविलें नाहीं. त्यानें बापाकडे वळून विचारलें कीं ह्याला असें किती काळापासून होतें. बंधूंनो, इस्पितळांत डॉक्टरहि पहिला प्रश्न हाच विचारितात! प्रभूनें बापाचें दुःख ऐकून घेतलें. मूल मेल्यासारखें पडलें तेव्हां त्यानें त्याचा हात धरून त्यास उठविलें. लूक सांगतो कीं त्यानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. त्या दिवशीं त्यानें मुलास दोष दिला नाहीं. शब्द लागले ते पिढीच्या अविश्वासाला, आणि खालीं मान घालावी लागली ती शिष्यांना. आपल्या मंडळ्यांत मात्र आपण शिष्यांस मोकळें सोडतों व मुलालाच बोल लावितों.

योहानाच्या नवव्या अध्यायांत जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनीं विचारलें कीं पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें. प्रभूनें दोन्ही नाकारिलीं आणि त्यांचें तोंड मागच्या पापाकडून देवाच्या पुढच्या कार्याकडे वळविलें. जें आंधळ्यास लागू, तें फेफरेकऱ्यासहि लागू. हें लेंकरूं कां आजारी, हा शिष्यांचा प्रश्न होता. ह्या लेंकराच्या ठायीं देवाचें कार्य कसें प्रगट होईल, हा प्रभूचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर आपणांस हातांनीं द्यावयाचें आहे.

४. प्रार्थना आणि गोळी

हिज्कीया राजा मरणाच्या दुखण्यांत पडला, तेव्हां त्यानें भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली. देवानें ती ऐकली व त्यास पंधरा वर्षांचें आयुष्य दिलें. एवढें आपण सर्वांस पाठ आहे. परंतु यशयाच्या त्याच अडतिसाव्या अध्यायाच्या शेवटीं संदेष्टा सांगतो कीं अंजिरांची चांदकी करून गळवावर बांधा. देवाचें वचन मिळालें होतें. मग अंजीर कशाला? कारण अंजीरहि त्याच देवाचें. चांगल्या शोमरोन्यानें जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला. पौलाच्या सोबत्यांत लूक नांवाचा प्रिय वैद्य होता. औषध घेणें हा अविश्वास असता, तर प्रेषितानें आपल्या सोबत अविश्वास बाळगला असें म्हणावें लागेल.

देवानें ह्या रोगासाठीं अंजीर दिलें आहे. १९१२ सालीं जर्मनींतील डॉक्टर हाउप्टमान ह्यांस फेनोबार्बिटाल ह्या औषधाचा फेफऱ्यावरील गुण आढळला. १९३८ सालीं अमेरिकेंतील मेरिट व पुटनम ह्यांनीं फेनिटॉइन हें दुसरें औषध पुढें आणिलें. पुढें आणखी कित्येक निघालीं. हीं औषधें मेंदूंतील "थांब" ह्या निरोपाला बळ देतात किंवा "चल" ह्या निरोपाला आवरतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं जगांत सुमारें ५ कोटी लोकांस हा रोग आहे, आणि योग्य औषध नीट मिळाल्यास शंभरांतील सत्तरांपर्यंत लोक झटक्यांवांचून राहूं शकतील. गोळ्यांनीं ज्यांचा रोग आवरत नाहीं अशा कांहींस शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. ह्या कामांत आपल्याच लोकांचा हात आहे : केरळांतील ख्रिस्ती डॉक्टर जेकब चांडी हे कॅनडांत शिकून आले व १९४९ सालीं त्यांनीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारिला, हिंदुस्थानांतील तो पहिलाच होय. तेथें देवाचें नांव घेऊन शस्त्र हातीं धरीत, शस्त्र टाकून नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरां कळली. जागरणानें फेफऱ्याचा झटका ओढवतो. औषध एकाएकीं सोडल्यानें तर तो अधिक जोरानें येतो, आणि कधीं एकामागून एक झटके येऊन जिवावर बेततें. आम्हीं त्या बहिणीला सात रात्रीं जागविलें, उपाशी ठेविलें, आणि वर तिच्या गोळ्या मेजावर घेतल्या. ज्या तीन गोष्टी तिला अपाय करणार होत्या, त्या तिन्ही आम्हीं भक्तीच्या नांवानें केल्या. प्रभु मला क्षमा करो. त्यानें ती केली आहे असा माझा विश्वास आहे. परंतु क्षमा मिळालेल्या मनुष्यानें मौन धरूं नये.

मग प्रार्थना करूं नये काय? अवश्य करावी. ही जात प्रार्थनेवांचून निघत नाहीं असें प्रभूनें शिष्यांस सांगितलें, तें मला आतां अधिक पटतें. रोज न चुकतां वर्षानुवर्षें गोळी घेण्यास धीर लागतो, तो प्रार्थनेनें मिळतो. लोकांच्या कुजबुजींतून मान वर करून चालण्यास बळ लागतें, तें प्रार्थनेनें मिळतें. आणि आपल्यांतील भय व तिटकारा ही जी भुतें खरोखर आपल्या मंडळ्यांत वसतात, तीं तर प्रार्थनेवांचून निघणारच नाहींत.

५. मंडळीनें काय करावें?

कॅटेकिस्ट बंधूंनो, पुढील गोष्टी आपआपल्या वाडीवस्तींत वाचून दाखवा, व ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

पहिली. झटका आला म्हणजे रोग्याजवळचे दगड, विळा, कंदील, विस्तव दूर करा. डोक्याखालीं धोतर किंवा लुगडें घडी करून ठेवा. गळ्याजवळचें वस्त्र सैल करा. हातपाय दाबून धरूं नका. तोंडांत चमचा, बोट, पाणी, कांहींहि घालूं नका. होईल तितक्या लवकर त्यास कुशीवर वळवा, म्हणजे फेंस बाहेर पडेल व श्वास मोकळा राहील. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. झटका पांच मिनिटांवर चालला, किंवा शुद्ध न येतांच दुसरा आला, किंवा तो पाण्यांत पडला असेल, अथवा ती गरोदर असेल, तर वाट न पाहतां इस्पितळांत न्या.

दुसरी. रोग्यास डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्या डॉक्टर सांगतील तोंपर्यंत चालवा. बरें वाटतें म्हणून सोडूं नका. ज्या घरीं भाडें नाहीं, तेथें मंडळीच्या दानांतून द्या. रोग्यानें एकट्यानें विहिरींत उतरूं नये, झाडावर चढूं नये, उघड्या चुलीशीं एकटें बसूं नये. सासवांनो, अशी सून घरांत असेल तर भाकरीच्या वेळीं तिच्याजवळ बसा. ही प्रभूची सेवा आहे.

तिसरी. शौचकूप वापरा, हात साबणानें धुवा, डुकराचें मांस पुरतें शिजवा, कच्ची भाजी स्वच्छ धुऊन खा.

चौथी. भूत काढण्याच्या नांवानें कोणास बांधणें, मारणें, मिरच्यांची धुरी देणें हा महाराष्ट्रांत २०१३ सालच्या कायद्यानें गुन्हा आहे. कायदा नसता तरी तें पाप होतेंच. भगतानें केलें तर पाप आणि ख्रिस्ती सुवार्तिकानें केलें तर पुण्य, असा भेद देवाच्या न्यायासनापुढें चालणार नाहीं.

पांचवी. फेफरें आहे म्हणून मुलीचें किंवा मुलाचें लग्न मोडूं नका, आणि तें लपवूनहि लग्न करूं नका. खरें सांगा; सांगून झाल्यावर पाठीशीं उभे राहा. हिंदु विवाह कायद्यांत व विशेष विवाह कायद्यांत हा रोग पूर्वीं अडसर म्हणून लिहिला होता. १९९९ सालीं सरकारनें तो शब्द काढून टाकिला. सरकारनें आपल्या कायद्यांतून काढिला, तो आपण आपल्या अंतःकरणांतून अजून काढिला नाहीं काय?

बंधुभगिनींनो, पौल करिंथच्या मंडळीस सांगतो कीं देहाचे जे अवयव अशक्त दिसतात ते अधिक गरजेचे आहेत, आणि एक अवयव दुखला म्हणजे सर्वांस दुखतें. मेंदूची रचना कळल्यावर ह्या वचनाची गोडी वाढते. देहांत खरोखर तसेंच आहे : पायांत कांटा रुतला तर निरोप डोक्यापर्यंत जातो, डोळा खालीं पाहतो, हात धांवतो, पाठ वांकते. कोणी म्हणत नाहीं कीं पायाचें पाप पायानें भोगावें. मंडळी ख्रिस्ताचें शरीर आहे असें आपण दर प्रभुभोजनाच्या वेळीं म्हणतों. मग एका अवयवास झटका आला असतां इतर अवयव दारें लावून घेतात, मुलांस आंत ओढतात, वाटी वेगळी ठेवितात, तर तें शरीर जिवंत आहे असें कसें म्हणावें? ज्या अंगास वेदना कळत नाहीं, तें लुळें अंग. पक्षघात फेफरेकऱ्यास नाहीं. तो आपणांस झाला आहे. मत्तयाच्या यादींत पक्षघातीहि होते आणि प्रभूनें त्यांसहि बरें केलें, हीच आपली आशा.

पुढच्या रविवारीं तुमच्या गांवीं प्रभुभोजन असेल, तर त्या पंगतीस कोण येत नाहीं तें पाहा. लोकांपुढें झटका येईल ह्या लाजेनें घरीं बसलेलें कोणी आहे काय? त्याच्या घरीं जा. त्यास हातीं धरून आणा व आपल्या शेजारीं बसवा. उपासनेंत झटका आला तर भिऊं नका. दोन मिनिटें गीत थांबवा, त्यास कुशीवर वळवा, शुद्धीवर आला म्हणजे तेथूनच पुढें गा.

आपण प्रार्थना करूं या. हे स्वर्गीय पित्या, तूं आमचीं हाडें, आमचे तंतु व आमचा मेंदू आईच्या उदरांत घडविलास, आणि मेंढराला व कुत्र्यालाहि तोच श्वास दिलास. ज्यांच्या मेंदूंत वादळ उठतें त्यांस तूं सांभाळ, आणि ज्यानें सरोवरावरील वादळ शांत केलें त्याची शांति त्यांस दे. डॉक्टरांच्या हातांस यश दे. आमच्या अज्ञानानें ज्यांचे हात पोळले, त्यांच्यापुढें आम्हांस नम्र कर. आमच्या मंडळ्यांतून भय काढ आणि प्रीति घाल. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.